अबोली : देवीच्या वेणीचा रंग

पूजेसाठी सुवासिक फूल श्रेष्ठ मानण्याची प्रथा आहे. तथापि गोमंतक व दक्षिण कोकणात देवीच्या वेणीत मानाचे स्थान मिळते ते मुळीच सुगंध नसलेल्या अबोलीला. यामागील कारण जाणून घेण्यासारखे आहे.

अबोली हे अडुळशाच्या कुळातील, कमरेएवढ्या उंचीपर्यंत वाढणारे सदाहरित झुडूप असून ते मूळचे दक्षिण भारत व श्रीलंका येथील आहे. कर्नाटकात व तामिळनाडूत यास ‘कनकांबर’ म्हणतात. कणसासारख्या हिरव्या तुऱ्यावर खालून वर क्रमाने केशरी फुले उमलतात. नाव अबोली असले तरी तिच्या पिकलेल्या बोंडावर पाणी पडताच ते तडकन फुटते व बी दूर फेकले जाते.

जाई-मोगरा एका दिवसात मलूल होतो. अबोली मात्र तोडल्यावरही दोन-तीन दिवस टवटवीत राहते. फूल वजनाने हलके असल्याने दाट वेणीचाही भार होत नाही. फुलाची बारीक नळी हाच त्याचा देठ. केळीच्या सोपटाचा धागा पाण्यात भिजवून त्याच्या पेडांत ही नळी अडकवीत वेणी गुंफली जाते. ओलसर सोपटामुळे फुलांना गारवा मिळतो. यात सुई लागत नाही. लागतो तो सरावाचा हात. पुष्कळदा अबोलीबरोबर जाई किंवा मोगरा गुंफतात. तेव्हा रंग एकीचा व सुगंध दुसरीचा, असा सुंदर मेळ साधतो. जाईचे महत्त्वही या भूमीत मोठे आहे; म्हार्दोळ येथील श्रीमहालसा देवस्थानातील ‘जायांची पूजा’ प्रसिद्ध आहे.

देवीला वाहिलेली हीच वेणी सुवासिनी प्रसाद म्हणून केसांत माळतात. देवळाबाहेर वेण्या विकणाऱ्या अनेक स्त्रियांचा संसार या फुलांवर चालतो. अलीकडे सोपटाऐवजी नायलॉनचा दोरा व ताज्या फुलांऐवजी प्लास्टिकची फुले दिसू लागली आहेत. सोपटाची वेणी निर्माल्य झाल्यावर मातीत मिसळते व पुन्हा झाडांच्याच उपयोगी पडते. नायलॉन व प्लास्टिक तसेच उरते. फुलाबरोबर गुंफण्याची कलाही टिकावी, यासाठी भाविकांनी शक्यतो सोपटात गुंफलेली ताजी वेणीच देवीस अर्पण करावी. वेणी लहान असली तरी चालेल. सेवा भावाने मोजली जाते, लांबीने नव्हे.