भिंतीचे ऋण

शिवाजी पेठेतून रंकाळ्याकडे फिरावयास निघाले म्हणजे वाटेत नाना प्रकारची अक्षरे दिसतात. कोठे तालमीचे नाव ठळकपणे लिहिलेले असते, तर कोठे एखाद्या कसबी रंगाऱ्याने दुकानाची पाटी सुबक वळणाने रंगविलेली असते. त्याच ओळीत एखादी स्वच्छ भिंत मात्र कोणी काळ्या रंगाने खरडून ठेवलेली आढळते. कोठे स्वतःचे नाव, कोठे मित्राला चिडविण्यासाठी लिहिलेला शब्द! पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की पाटी आणि हे खरडणे ही दोन्ही अक्षरेच असताना एकाचे आपण कौतुक का करतो व दुसऱ्यास गुन्हा का म्हणतो?

मुलांनो, हा भेद अक्षराच्या वळणात नाही. पाटी धन्याच्या संमतीने व नियमास धरून लिहिलेली असते. दुसरे लिखाण मात्र कोणासही न विचारता परक्याच्या वस्तूवर केलेले असते.

अशा लिखाणास आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९९५ साली मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा करण्यात आला. लोकांच्या नजरेस पडणारी जागा विद्रूप करणाऱ्यास या कायद्यान्वये ३ महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ती जागा सरकारी असो वा खाजगी, भिंत असो, पुतळा असो की झाड असो, कायद्याच्या दृष्टीने सारखीच.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. समजा, पेठेतील तेरा वर्षांच्या एका मुलाने शेजारच्या आज्जींच्या भिंतीवर तेलरंगाने आपले नाव लिहिले. आज्जींनी दिवाळीसाठी नुकताच भिंतीला चुना दिला होता. मुलाला दंड झाला आणि तो सरकारी खजिन्यात जमा झाला. पण आज्जींच्या भिंतीचे काय? ती काळीच राहिली! म्हणजे शिक्षा झाली, परंतु नुकसान भरून निघाले नाही.

म्हणूनच न्यायापुढे एक नव्हे, दोन प्रश्न असतात. चुकणाऱ्यास कोणती शिक्षा द्यावी, हा पहिला. आणि ज्याचे नुकसान झाले त्यास ते कसे भरून द्यावे, हा दुसरा. आपल्या देशातील न्यायालयास वसूल झालेल्या दंडातून नुकसान सोसणाऱ्यास भरपाई देण्याचा अधिकार आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तर काही लहान गुन्ह्यांसाठी समाजसेवा हीदेखील एक शिक्षा ठरविली आहे.

अठरा वर्षांखालील मुलांची गोष्ट निराळी. त्यांचा विचार २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळ करते. मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, देखरेखीखाली समाजसेवा करावयास सांगू शकते, किंवा त्याच्या आईवडिलांना दंड भरावयास लावू शकते. मुलाला चिरडणे हा या कायद्याचा हेतू नाही. त्याला सुधारण्याची संधी द्यावी, हा आहे.

पुन्हा आपल्या प्रसंगाकडे वळू. मुलाला पश्चात्ताप झाला. चुन्याची बादली व कुंचला घेऊन तो शेजारी गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "आज्जी, माझं चुकलं. भिंत मीच रंगवून देतो."

आज्जी म्हणाल्या, "दे बाळा. पण आधी तो रंग खरवडून काढ. तेलरंगावर चुना धरत नाही. चार दिवसांत पोपडे निघतील."

एका मिनिटात लिहिलेले नाव खरवडताना त्याचे सारे सकाळचे श्रम खर्ची पडले. भिंत पुन्हा पांढरी झाली, तेव्हा त्याला एक गोष्ट कळून चुकली. बिघडविण्यास क्षण पुरतो. घडविण्यास घाम गाळावा लागतो.

परंतु प्रत्येक नुकसान असे भरून निघत नाही. कोल्हापुरापासून सुमारे वीस किलोमीटरवर पन्हाळगड आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निसटले. २०२५ साली या गडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. तेथील दगडावर कोणी टोकदार खिळ्याने नाव कोरले, तर ते कसे पुसणार? पुसावयाचे म्हटले तर दगडच आणखी घासावा लागेल. गेलेला कण परत येत नाही. म्हणून अशा राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा कायद्याने ठेवल्या आहेत. जेथे भरपाई अशक्य, तेथे शिक्षा कडक!

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१६ साली पाच मुलांनी एका जुन्या शाळेच्या भिंतींवर द्वेषाची चिन्हे रंगविली. त्या शाळेत पूर्वी कृष्णवर्णीय मुले शिकत असत. न्यायालयाने त्या पाच जणांना वर्षभर दरमहा एक पुस्तक वाचून त्यावर लिहिण्यास सांगितले. आपण काढलेल्या चिन्हांमागे किती माणसांचे दुःख आहे, हे त्यांना उमगावे, हा त्यामागील उद्देश होता. भिंत रंगाने स्वच्छ होते. मन मात्र समजुतीनेच स्वच्छ होते.

मुलांनो, आपले नाव राहावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु पन्हाळ्याचा दगड न् दगड रचणाऱ्या पाथरवटांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र ऊनपाऊस सोसून उभे आहे. नाव कोरून माणूस मोठा होत नसतो. तो आपल्या कामाने मोठा होतो.

शब्दार्थ
विद्रूप करणे – रूप बिघडविणे
भरपाई – झालेले नुकसान भरून देणे
पाथरवट – दगड घडविणारा कारागीर

स्वाध्याय
१. दुकानाची पाटी व भिंतीवरील खरडणे यांत कोणता भेद आहे?
२. शिक्षा व भरपाई यांतील फरक आज्जींच्या प्रसंगावरून स्पष्ट करा.
३. संरक्षित स्मारकाच्या नासधुशीस अधिक कडक शिक्षा का ठेवली आहे?
४. 'बिघडविण्यास क्षण पुरतो. घडविण्यास घाम गाळावा लागतो.' या वाक्यास साजेसा तुमचा अनुभव पाच-सहा ओळींत लिहा.