प्राथमिक शिक्षकांचे विनामूल्य डिजिटल प्रशिक्षण : आरे वसाहतीतील पाड्यांच्या संदर्भात काही विचार

शिक्षणाचे नवे साधन आधी शाळेत पोचते आणि ते वापरण्याचे शिक्षण शिक्षकाला मागाहून मिळते, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवरून मुलांसाठी मराठीत पाठ येऊ लागले. पाठ सुरू होण्यापूर्वी मुलांना काय सांगावे व तो संपल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, याची तयारी जेथे शिक्षकाने केली तेथे त्यांचा लाभ झाला. जेथे ती झाली नाही तेथे तो करमणुकीचा तास ठरला. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाने ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केले. साधन बदलले, शिक्षकाच्या पूर्वतयारीचा प्रश्न मात्र होता तेथेच आहे.

‘निष्ठा’ हा प्रशिक्षणक्रम २१ ऑगस्ट २०१९ रोजी, सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापक यांना दृष्टीपुढे ठेवून सुरू करण्यात आला. आरंभी तो समोरासमोर चाले. साथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो ‘दीक्षा’वर आला व त्याचे अठरा घटक शिक्षकांना घरबसल्या, कोणतेही शुल्क न देता, पुरे करता येऊ लागले. अध्यापनात माहिती तंत्रज्ञानाचा उपयोग कसा करावा, हा त्यांपैकीच एक घटक होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावयाचे आहेत. एमएस-सीआयटीसारख्या वर्गांना शुल्क भरावे लागे, हे ज्यांना आठवते त्यांना या विनामूल्य सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. तथापि शुल्क नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही. दूरध्वनी शिक्षकाचा, डेटाचे पैसे शिक्षकाचे आणि वेळही बहुधा रात्रीचा, घरकाम आटोपल्यानंतरचा. हा भार मान्य करूनच पुढचा विचार करणे न्याय्य होईल.

गोरेगावच्या पूर्वेस असलेल्या आरे दुग्ध वसाहतीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या व १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वसाहतीत गोठ्यांबरोबरच वारली, कोकणा, मल्हार कोळी, काटकरी अशा आदिवासी कुटुंबांचे सत्तावीस पाडे मानले जातात. नकाशावर हे मुंबई शहर आहे. परंतु झाडीतून पायवाटेने शाळेला येणाऱ्या, सायंकाळी बिबट्याच्या भीतीने लवकर घरी परतणाऱ्या मुलांची शाळा शहापूर वा जव्हारच्या शाळेहून फार निराळी नाही. घरात दूरध्वनी असलाच तर तो सकाळी कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर बाहेर पडतो. ‘असर’च्या २०२१ च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीचे आकडे हेच सांगतात. २०१८ साली शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२१ साली ६७.६ टक्के मुलांच्या घरी आला. परंतु अशा घरांतील सुमारे २६ टक्के मुलांना तो हाताळावयास मिळत नव्हता. म्हणून मुलांना घरी चित्रफीत पाहण्यास सांगणारा शिक्षक आपला अभ्यासक्रम पुरा करील, पण पाड्यावरचे मूल मागेच राहील.

याहून नाजूक प्रश्न भाषेचा आहे. वारली बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातील मराठी त्याला अर्धीच ओळखीची असते. येथे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांचे स्मरण होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. गावातील मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी ती भाषा शिकून पाठ मुलांच्या भाषेत उपलब्ध केले व पुस्तकात क्यूआर संकेत घालून ध्वनी व चित्र त्यांस जोडले, अशी नोंद पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनने केली आहे. वर्तमानपत्रांनी संकेताचे कौतुक अधिक केले. वास्तविक भाषा आधी आली, संकेत नंतर.

आरेतील शाळेत हीच गोष्ट इंटरनेटशिवायही साधता येईल. पाड्यावरील एखाद्या वृद्ध स्त्रीने आपल्या बोलीत सांगितलेली पावसाची वा झाडांची हकीकत, तिची संमती घेऊन, शिक्षकाने दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित करावी. वर्गात ती तीन मिनिटे ऐकवावी. मुलांनी त्यातील शब्द सांगावेत. शिक्षकाने ते फळ्यावर एका बाजूस लिहावेत आणि शेजारी प्रमाण मराठीतील शब्द मुलांकडूनच काढून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी मुलांनी तीच हकीकत दोन्ही शब्द वापरून लिहावी. तीस मुलांना दूरध्वनीचा एवढासा पडदा दिसत नाही, मात्र आवाज सर्वांना ऐकू जातो, ही साधी गोष्ट प्रशिक्षणात क्वचितच सांगितली जाते. चित्र दाखवावयाचेच असेल तर पाच-पाच मुलांचे गट करावेत व उरलेल्यांना पाटीवरचे काम द्यावे. एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाला ही रीत शिकवावयास नकोच.

‘दीक्षा’विषयी दोन व्यावहारिक गोष्टी. तिच्यावरील बरेचसे साहित्य उतरवून ठेवता येते. तेव्हा जेथे जाळे मिळते तेथे, घरी वा केंद्रशाळेत, आठवड्याचे पाठ उतरवून घ्यावेत, म्हणजे पाड्यावर अडत नाही. तसेच पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेताखाली सहा अक्षरांचा व अंकांचा एक संकेत छापलेला असतो. कॅमेरा बिघडला असेल वा पान मळले असेल तर तो टंकित करूनही पाठ उघडतो.

घटक चालू ठेवून दूरध्वनी बाजूस ठेवणे व शेवटची प्रश्नावली सहकाऱ्याच्या उत्तरांवरून भरणे, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. प्रमाणपत्रांचे आकडे मागणाऱ्या कार्यालयांकडेही त्याचा काही दोष जातो. यावर तपासणीपेक्षा केंद्रसभेचा उपाय बरा. प्रत्येक सभेत एका शिक्षकाने घटकातील एकच कृती आपल्या वर्गात करून पाहिल्याचे सांगावे. ती फसली असल्यास कोठे फसली तेही सांगावे. नव्याने शिकणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांना अशा सभेत तरुण सहकाऱ्याशेजारी बसवावे. बोटांना सवय होईपर्यंत त्यांना संकोच वाटतो आणि तो चारचौघांत बोलून दाखविला जात नाही.

सुरक्षिततेचा घटक मात्र कोणीही वगळू नये. मुलांची छायाचित्रे व नावे पालकांच्या संमतीवाचून समूहांवर टाकू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. प्रशिक्षणाची नोंदणी रद्द होईल असे सांगून कोणी ओटीपी मागितल्यास तो देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका उशीर होईल तितके पैसे परत मिळणे कठीण होते.

राहता राहिले मराठी टंकलेखन. जुन्या फाँटमध्ये लिहिलेली पत्रे दुसऱ्या यंत्रावर अक्षरांची जुडी होऊन उघडतात. यापुढे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे. इनस्क्रिप्ट कळफलक दोन आठवड्यांच्या नित्य सरावाने हातात बसतो आणि तोपर्यंत दूरध्वनीवर बोलून टंकित करण्याची सोय उपयोगी पडते. मात्र बोलून लिहिलेला मजकूर ऱ्हस्व-दीर्घासाठी एकवार वाचल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नये.