एका दिवसाच्या सहलीचे गणित

‘सहल’ हा शब्द उच्चारताच आमच्या वर्गात वेरूळ, चिखलदरा आणि शेगाव ही तीन नावे ठरलेली. यंदा मात्र बहुमत खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ या उद्यानाच्या बाजूने पडले आणि आखणीचे काम माझ्या गळ्यात आले. मी कलाशाखेचा विद्यार्थी; गणित दहावीलाच सोडून आलेलो. तरीही या कामात जे शिकलो, ते मित्रांपुढे ठेवतो.

प्रथम या वस्तूची ओळख. बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ रशियात जुना आहे. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली लाकडी रुळांवरची गाडी सुरू केली; तिचा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर, म्हणजे आपल्या दमणीला लाजवील असा नव्हे. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली आणि गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. आज दोन्ही बंद आहेत. इमॅजिका २०१३ सालचे. तेथील ‘नायट्रो’ हा झुला सुमारे ४० मीटर उंच आहे.

गंमत अशी, की या गाडीला इंजिन नसते. साखळी तिला एकदा वर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचे सारे काम पृथ्वीचे. विज्ञानशाखेच्या मित्राने कागदावर मांडून दाखविले : ४० मीटरवरून घर्षणाविना खाली आल्यास वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. उभे वेटोळेही पूर्ण गोल नसून थेंबासारखे, वर निमुळते असते. गोल ठेवले तर तळाशी मानेवर असह्य भार येईल. म्हणूनच पाठीचे, मानेचे, हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी खालीच थांबावे. नायट्रोला पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळतात. तेव्हा चपला नकोत, बंदाचे जोडे हवेत.

आता आमचे खरे गणित. मोझरीहून बसने अमरावती, तेथून सायंकाळची मुंबई गाडी, पहाटे कल्याणला उतरणे, तेथून कर्जतमार्गे खोपोली लोकल. शिदोरी फाटकाबाहेरच संपवायची, पण पोट तडस लागेतो भरायचे नाही. रात्री पुन्हा कल्याणला परतीची गाडी. म्हणजे एका दिवसाच्या सहलीला दोन रात्री रुळांवर! रांगेचाही हिशेब केला. समजा, एका खेपेस २८ माणसे आणि दर तीन मिनिटांनी एक खेप, तर तासाला ५६० माणसे. पुढे ३०० जण असतील तर अर्धा तास गेला. शनिवार-रविवार म्हणूनच टाळावा. पावसाळा तर नकोच. खोपोलीचा पाऊस आपल्या पावसासारखा विचारून येत नाही.

हा तक्ता मी मोठ्या अभिमानाने वर्गात वाचला. खर्चाच्या रकान्यात प्रवेशशुल्क तेवढे लिहिले होते. मागच्या बाकावरचा माझा मित्र म्हणाला, “मी नाई येत बाप्पा, मले चक्कर येते.” सारे हसले, मीही हसलो. हाच मित्र पुण्यतिथी महोत्सवाच्या वेळी आकाशपाळण्यात माझ्या शेजारी दोनदा बसला होता, हे मला घरी गेल्यावर आठवले.

दुसऱ्या दिवशी त्याला गाठले. बराच वेळ टाळून तो म्हणाला, “सोयाबीन तं उधारीतच गेलं. कापूस निंघाल्यावर पाहू. तू कायले थांबतं?”

माझा तक्ता चुकला होता तो येथे. तिकिटाखेरीज रेल्वे, लोकल, रिक्षा, आतले जेवण आणि सामान ठेवण्याची पेटी, हे सारे मी ‘किरकोळ’ म्हणून सोडले होते. बेरीज केली तेव्हा ते किरकोळ तिकिटाच्या जवळ जाऊन बसले. मी सारा तक्ता नव्याने केला. तारीख दिवाळीनंतरची होती, ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारीख टाळून, बुधवारी नेली. रक्कम एकदम न मागता चार हप्त्यांत ठेवली. सरांनी सामूहिक तिकिटाची सवलत विचारण्यासाठी पत्र दिले. काहींनी कुरकुर केली, “दोन महिने कोण थांबणार?” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, परीक्षा जवळ येत होती.

नवी यादी फळ्याशेजारी लावली. शनिवारी पाहतो तो सतराव्या ओळीत, पेन्सिलीने, त्याचे नाव होते. पुढे पहिल्या हप्त्याची रक्कमही लिहिली होती.