नदीची साक्ष

शास्त्रपाठ : अनुवाद १९:१५

एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून निवाडा करूं नये, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. हवामान पालटत आहे काय, हें ठरवितांनाही तो उपयोगीं पडतो.

हवा एक अंश सेल्सिअसनें तापली म्हणजे ती सुमारें शेंकडा ७ अधिक बाष्प धरूं शकते. त्यामुळें थोड्या वेळांत अतिवृष्टि होण्याचा संभव वाढतो. अशा वेळीं नदी एकाएकीं फुगते व लवकर ओसरते. जमिनींत पाणी कमी मुरतें आणि उन्हाळ्यांत डोह आटतात. मग डहाणू-तलासरीच्या पाड्यांतील आपल्या भगिनींस हंडा घेऊन अधिक दूर चालावें लागतें.

परंतु पातळी ही एकटीच साक्ष होय. कासा येथें सूर्या नदी चढली, तर तें धामणी धरणांतून सोडलेलें पाणीही असूं शकेल. डोहांत पाणी दिसलें, तरी तें वाहत असेलच असें नाहीं. यास्तव पातळीबरोबर प्रवाह व पाऊस यांचीही साक्ष घ्यावी. शिवाय एका वर्षाचा पूर म्हणजे हवामान नव्हे. शास्त्रज्ञ ३० वर्षांची सरासरी पाहतात.

नदीकांठच्या मंडळ्यांनीं खडकावर खूण करून रोज सकाळीं ८ वाजतां पातळी टिपावी. पुरांत मात्र पाण्याजवळ जाऊं नये. बाप्तिस्म्याची नोंदवही आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतों, तशीच ही वहीही जपावी. आज लिहिलेली ओळ आपल्या नातवंडांपुढें साक्ष देईल.

प्रश्न : आपल्या गांवची नदी गेल्या उन्हाळ्यांत कोणत्या महिन्यांत वाहावयाची थांबली?