टोमण्यांनी वजन उतरत नाही

प्रश्न : मुलगी नववीत आहे. उंचीच्या मानाने वजन जास्त. वर्गात ‘ढोली’ म्हणतात. पीटीला पोटदुखीचं कारण सांगून बसते, डबा तसाच परत आणते. जरा टोचून बोललं तर मनावर घेईल का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, टोचणारे शाळेत पुरेसे आहेत, घरी नकोत. टोमण्यांनी मुलं लपून खातात, नाहीतर उपाशी राहतात. मला तर वजनापेक्षा परत येणाऱ्या डब्याची काळजी वाटते. दिवसभर उपाशी राहिलेली पोर संध्याकाळी फरसाणावर तुटून पडणारच!

वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढतेच. मोठ्यांचे बीएमआयचे निकष तिला लावू नका; ५ ते १८ वयासाठीचे भारतीय वाढतक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. पाळी अनियमित असेल, मान काळवंडली असेल तर तेही सांगा.

चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकांना भेटा, पण तिला विचारून. तिच्यासाठी वेगळं ‘डाएट’ नको, घरात सगळ्यांचं ताट सारखंच. व्यायाम तिच्या आवडीचा, नाचही चालेल.

जेवून मुद्दाम उलटी करणं, शाळाच नको म्हणणं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. डॉक्टरांना गाठा किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.