छप्पन साली वारले, पण कोणत्या छप्पन साली?

प्रश्न : वकीलसाहेब, आमचे घराणे मूळ साताऱ्याकडचे. गायकवाडांच्या चाकरीसाठी पूर्वज गुजरातेत आले आणि पणजोबा गायकवाडी रेल्वेत मियागामला लागल्यापासून आम्ही करजणचेच झालो. खापरपणजोबांचे शेत आज आजोबांच्या नावावर आहे. वारसाईचा अर्ज करायचा म्हटले, तर चुलत घराण्याने हरकत घेतली. घरातल्या मोडी वहीत पणजोबा हे खापरपणजोबांचे चिरंजीव आहेत, तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत ते खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचे चिरंजीव आहेत. शिवाय घरच्या वहीत खापरपणजोबा ‘५६ साली वारले’ असे आहे आणि पणजोबांचा जन्म शके १७९५ चा. मरणानंतर सतरा वर्षांनी मुलगा कसा, असे चुलतभाऊ विचारतात. खापरपणजोबा निपुत्रिक गेले, शेत धाकट्या भावाकडे आले आणि त्यात आमचाही वाटा आहे, असा त्यांचा दावा. खरी वंशावळ कोणती मानायची?
— एक वाचक, करजण

उत्तर : आधी त्या ५६ चे पाहू, कारण सगळा दावा त्यावरच उभा आहे. चुलतभावांनी ते इसवी सन १८५६ धरले आहे. पण गुजरातेत राहणारा माणूस ‘छप्पन’ म्हणाला, की त्याच्या मनात विक्रम संवत १९५६ असते, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्या वर्षी पडलेल्या दुष्काळाला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. बडोदे संस्थानालाही त्याची जबर झळ बसली होती. शके १७९५ म्हणजे इसवी सन १८७३. खापरपणजोबा छप्पनियात गेले असतील, तर तेव्हा पणजोबा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते आणि हरकतीचा मुख्य आधारच जातो. मात्र हे माझ्या शब्दावर मानू नका. मोडी जाणणाऱ्याला मूळ पान दाखवा. त्याच हाताने लिहिलेल्या वरच्या-खालच्या नोंदी शकात आहेत की संवतात, हे तपासा. मराठी घरांच्या वह्यांत जन्म शकात आणि मृत्यू संवतात, असा घोळ गुजरातेत सर्रास सापडतो.

आता दोन वडिलांचा प्रश्न. एकच माणूस एका कागदात थोरल्या भावाचा आणि दुसऱ्यात धाकट्याचा मुलगा दिसला, की मी पहिल्यांदा दत्तकाचा शोध घेतो. निपुत्रिक भावाने पुतण्या दत्तक घेणे ही आपल्याकडची जुनी रीत. तसे असेल तर आपल्या दोन्ही वह्या खऱ्या आहेत. उपाध्यायांनी जन्मदाता लिहिला, घरच्यांनी दत्तक पिता लिहिला, एवढेच. दत्तकपुत्राचा हक्क दत्तक घराण्यात राहतो आणि जन्मदात्या घराण्यातला जातो. म्हणून दत्तक सिद्ध झाला, तर खापरपणजोबांचे शेत पणजोबांकडे आले, हे सरळ ठरते.

दत्तकपत्र मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले, तर पणजोबांचे मधले नाव शोधा. मराठी माणसाच्या मधल्या नावात बाप असतो आणि दत्तक गेलेल्याचे मधले नाव बदलते. रेल्वेच्या नोकरीचे कागद, जुनी खरेदीखते, लग्नाची पत्रिका, अगदी भांड्यावर घातलेले नाव, जे हाती लागेल ते गोळा करा. खापरपणजोबांचे श्राद्ध कोण करीत असे, हेही विचारा. कुटुंबातल्या माणसांनी एखाद्याला नात्याने काय मानले, हे त्यांच्या वागण्यातून दिसले, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ४४ खाली तो पुरावा होतो. संस्थानाचे दप्तर वडोदऱ्याच्या अभिलेखागारात आहे, तिथे अर्ज करा. साताऱ्याकडचे काही हवे असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आहे. पण आपल्या वादाला इतके मागे जायची गरज नाही.

लोक इथेच फसतात. मूळपुरुषापर्यंतची आखीव वंशावळ घेऊन येतात आणि ज्या एका दुव्यावर भांडण आहे, त्याचा कागद नसतो. न्यायालय वंशावळीची लांबी पाहत नाही. ती कोणी सांगितली, त्याला कशी माहीत होती आणि भांडण लागण्यापूर्वी सांगितली की नंतर, हे पाहते. बिहारच्या बेतिया राजचा निकाल यासाठी प्रत्येक वकिलाच्या टेबलावर असतो. महाराजा १८९३ मध्ये निपुत्रिक वारले, धाकट्या महाराणी १९५४ मध्ये गेल्या आणि मग जुने कागद व वंशावळी घेऊन दावेदार उभे राहिले. उच्च न्यायालयात ते जिंकले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो निर्णय फिरवला. कागद पुराव्यात दाखल होणे वेगळे आणि त्यावर विश्वास बसणे वेगळे, हे त्या निकालाने स्वच्छ सांगितले. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून आला, तर सही-अक्षर खरे असल्याचे गृहीत धरता येते (साक्ष अधिनियमाचे कलम ९२). आतला मजकूर खरा, असे त्याने ठरत नाही. छापील कुलवृत्तांतालाही हेच लागू आहे, कारण त्यातला बराच मजकूर घराघरांतून आलेल्या पत्रांवर बेतलेला असतो. इंग्लंडात १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्या आहेत, तरी तिथल्या घराण्यांचेही असेच वाद होतात. नोंद बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे, आणि मानचिन्हासाठी दिलेली वंशावळ घरच्यांनीच सांगितलेली असते.

आपल्या बडोद्याच्या गादीचेच घ्या. १८७५ मध्ये मल्हारराव महाराज पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शाखेतून गोपाळराव दत्तक घेतले, तेच सयाजीराव महाराज. ती शाखा पिलाजीराव गायकवाडांचे पुत्र प्रतापराव यांच्याकडून आलेली. गादीचा प्रश्नही असा एका दुव्यावरच सुटला.

अर्जाचे सांगतो. तलाटी जो पेढीनामा, म्हणजे वंशावळ, करतात, तो आपणच दिलेल्या माहितीवर आणि पंचांच्या जबाबावर होतो. त्यावरून फेरफार नोंद झाली, तरी ती महसुलापुरती, मालकी त्याने ठरत नाही. चुलतभाऊ हटले नाहीत, तर दिवाणी न्यायालयात विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ खाली हक्क जाहीर करून घ्यावा लागेल. कोणी वारसा दाखला काढा म्हणेल, पण तो येणी आणि रोख्यांपुरता आहे, शेतजमिनीला उपयोगी नाही.

आपण पाठवलेल्या पेढीनाम्याच्या मसुद्यात आजोबांच्या फक्त मुलांची नावे दिसतात. आत्यांची नावे नाहीत. त्या सासरी गेल्या असोत की हयात नसोत, त्यांची आणि त्यांच्या मुलांची नावे घालावीच लागतात. ती वगळून शपथपत्र केले, तर खोट्या शपथेचा ठपका आपल्यावर येईल आणि चुलतभावांना आयताच मुद्दा मिळेल.

थोरल्या आत्या हयात असतील, तर दत्तकाबद्दल त्यांनी वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले, हे फार मोलाचे आहे. दावा दाखल होताच त्यांची साक्ष कमिशनरमार्फत घरी नोंदवून घेण्याचा अर्ज करा. तारखांची वाट पाहू नका.