हलका बूट घ्या, पण तळ पाहून

आम्हा निलंग्याकडच्या लोकांचे पाय काळ्या मातीत वाढलेले. जवळचा डोंगर म्हणजे लातूरच्या वाटेवरचा खरोशाचा, सहाव्या शतकातल्या लेण्यांचा. दगड जांभा, खडबडीत, पण चढ थोडका. धावण्याचे हलके बूट तिथे मला कधी बोचले नव्हते. दुकानातही "डोंगराला चालतील" असंच सांगून ते दिले होते.

तेच पायात घालून हरिश्चंद्रगडाला गेलो, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे. चढताना ठीक होतं. उतरताना मऊ तळ दबून गेला, खडा न् खडा तळव्याला टोचू लागला आणि घसाऱ्यावर बोटं पुढे आदळत राहिली. खाली पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. ती गळून नवी यायला कित्येक महिने गेले.

म्हणून आता कुणी विचारलं की सांगतो, वजन वरच्या कापडात वाचवा, तळात नको. पायातलं ओझं दिवसभरात थकवतं हे खरंच, त्यामुळे हलका बूट हवाच. पण दुकानात तो टाच आणि चवडा धरून ओला पंचा पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर दगडांसाठी तो नाही. वाकावा तो चवड्यापाशी, मधोमध नव्हे. पुढे बोटांवर रबराची टोपी असावी. सह्याद्रीतल्या भटक्यांच्या पायात अॅक्शनचे साधे ट्रेकिंग बूट वर्षानुवर्षे दिसतात ते कातळावरच्या पकडीमुळे; महागडं नाव नसलं तरी चालतं.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. डोंगरात घालणार तेच मोजे घालून जा, आणि ते सुती नकोत; सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड येतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. दुकानात पायरी किंवा उतार असेल तर उतरून बघा, बोट टेकलं तर एक माप मोठं मागा. उतार लागण्याआधी नाडी घोट्यापाशी घट्ट आवळायची, नखं आदल्या दिवशी कापायची.

जाळीच्या बुटात पावसाचं पाणी शिरतं तसं निघूनही जातं, म्हणून पावसाळ्यात मला तेच बरे वाटतात. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यापुढे मात्र जाळी टिकत नाही. बांधाबांधाने जायचं असेल तर जाड कापडाचा बूट घ्या. खोल खाचांचा तळ घसाऱ्यावर उत्तम, पण ओल्या काळ्या रानात त्याच खाचा चिखलाने भरतात आणि पाय उचलवत नाही.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेला बूट नवा दिसतो, पण पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि गडावर अचानक सुटतो. निघण्याआधी आठवडाभर तो घालून गावात फिरा, तळ वाकवून भेगा बघा, आणि तरीही पिशवीत मजबूत दोरी ठेवा. तळ सुटलाच तर बुटाला तीच घट्ट गुंडाळून खाली उतरता येतं.